डंकावरचा मसाला आणि जांभळी वेबसाइट

या वेळचं पत्र लालबागहून आलंय. पत्र मोठं आहे, त्यातला गाभा असा:

"माझ्या सासूबाई तीस वर्षं घरगुती मालवणी मसाला करून विकतात. आता ऑर्डरी मी बघते, सगळं व्हॉट्सॲपवर. वेबसाइट हवी म्हणून एका डिझायनरला विचारलं, तर त्याने पंचेचाळीस हजार सांगितले. पुतण्या म्हणाला, काकू, एआयला सांग, याला व्हाइब कोडिंग म्हणतात, फुकटात होईल. तीन रात्री जागून केली. चकचकीत झाली. पण सासूबाई बघून म्हणाल्या, 'ह्या आपला वाटणा नाय गो.' जांभळा रंग, तीन चौकोन, कुणा भलत्याच बाईचा फोटो, 'सन १९८५ पासून' आणि मी कधी न लिहिलेले ग्राहकांचे अभिप्राय! मी दहा वेळा सांगितलं, अजून सुंदर कर, वेगळी कर. दर वेळी तेच. मला नीट सांगता येत नाही का? की पैसे देऊनच करून घेऊ? आणि एआयकडून करून घेण्यात काही चुकीचं तर नाही ना?"

ताई, नमस्कार.

तुमच्या सासूबाईंनी एका वाक्यात जे सांगितलं ते सांगायला आमच्या व्यवसायात लोक तासतासभर बैठका घेतात. त्यांचं बरोबर आहे. ती वेबसाइट तुमची नाही, कारण तिच्यात तुम्ही काही घातलेलंच नाही.

उन्हाळ्यात लालबागच्या मसाला गल्लीत बायका येतात तेव्हा काय करतात ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. रंगाला बेडगी किती, तिखटाला लवंगी किती, धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेशर, त्रिफळ, सगळं स्वतः निवडून, तोलून घेतात, भाजतात आणि मगच डंकावर कुटायला देतात. कुणी रिकामी पिशवी पुढे करून "दादा, छानसा मसाला करून दे" म्हटलं, तर डंकवाला आपल्याकडचा तयार मसाला भरून देईल. वाईट नसेल, पण तो कुणाच्याच घरचा नसेल. "सुंदर कर, वेगळी कर" असं तुम्ही एआयला सांगितलं ना, ती रिकामी पिशवी होती.

ही साधनं लाखो वेबसाइट्सचं लिखाण आणि कोड वाचून शिकलेली असतात. मागणी मोघम असली की त्यांच्याकडून सर्वांत जास्त वेळा दिसलेलं तेच बाहेर येतं. तो जांभळा रंगसुद्धा तसाच आलाय. वेबसाइटला रूप द्यायला टेलविंड नावाचं एक साधन सर्रास वापरतात. त्याच्या नमुन्यांमधली बटणं जांभळट निळ्या रंगाची होती, ते नमुने समोर ठेवून असंख्य पानं बनली आणि ती पानं एआयच्या वाचनात आली. तुमच्या मसाल्याशी त्या रंगाचं काही नातं नाही. तेव्हा तुम्हाला सांगता येत नाही असं मुळीच समजू नका. सांगण्याआधीचं काम राहिलंय, इतकंच.

ते काम एक आठवड्याचं आहे आणि त्यात कॉम्प्युटरला हात लावायचा नाही.

पहिल्यांदा व्हॉट्सॲपवरच्या गेल्या तीन-चार महिन्यांच्या ऑर्डरी वाचून काढा. गिऱ्हाईक काय विचारतं आणि कोणत्या क्रमाने विचारतं ते वहीत लिहा. माझा अंदाज आहे की प्रश्न असे असतील: यंदाचा आहे ना? तिखट किती? पाव किलो मिळेल का? त्यात खोबरं आहे का? डोंबिवलीला पोचवाल का? मटणाला किती चमचे घालू? ज्या क्रमाने हे प्रश्न येतात तोच तुमच्या पानाचा आराखडा. चांगला डिझायनरही पहिले दोन दिवस हेच करतो. खास आपल्यासाठी बनवलेली वेबसाइट म्हणजे निराळी नक्षी असलेली वेबसाइट, असा समज झालाय. माझ्या मते ती म्हणजे आपल्या गिऱ्हाइकाच्या मनातल्या प्रश्नांना त्याच क्रमाने उत्तर देणारी वेबसाइट.

यातूनच एक गोष्ट सुचते. तुमचा मसाला उन्हाळ्यात वर्षाचा एकदाच होतो, असं तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय. मग पान उघडल्याबरोबर सगळ्यात वर एकच ओळ असू दे: हा मसाला कोणत्या महिन्यात कुटला आणि आता किती किलो शिल्लक आहे. दर रविवारी तो आकडा तुम्ही बदलायचा. बाकी काही नसलं तरी या एका ओळीने ती वेबसाइट तुमची होईल, कारण ती दुसऱ्या कुणाला लिहिताच येणार नाही.

दुसरं, सासूबाईंना फोनच्या रेकॉर्डरसमोर दहा मिनिटं बसवा. "मिरची उन्हात किती दिवस ठेवता? कशी कळते वाळलेली? मसाला कशाला वापरायचा, कशाला नाही?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. त्या जे बोलतील ते शब्द तसेच्या तसे उतरवा. टायपिंगसाठी एआयची मदत खुशाल घ्या, पण "हे छान करून लिही" असं सांगू नका. ते त्याचं "आमच्यासोबत चवीचा प्रवास सुरू करा" करून ठेवेल. असं मराठीत कुणी बोलत नाही. इंग्रजी वेबसाइटवरचं वाक्य मराठी कपडे घालून आलंय ते. "हो मसालो माशाच्या कालवणाक, भाजयेक नको" असं सासूबाई म्हणाल्या असतील तर त्यापेक्षा चांगली जाहिरात मला तरी लिहिता येणार नाही.

तिसरं, फोटो. एआयने काढलेलं मसाल्याचं चित्र टाकू नका, कितीही मोह झाला तरी. बाई पाकीट उघडून बघते तेव्हा आतला रंग चित्रातल्या रंगाशी जुळला पाहिजे. सकाळी खिडकीजवळ, ट्यूबलाइट बंद करून, स्टीलच्या ताटात मसाला पसरून फोनने फोटो काढा. ट्यूबलाइटखाली लाल रंग मातकट दिसतो. गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या, पाकिटं भरताना सासूबाईंचे हात, तुमचा तोलकाटा, असे दहा-बारा फोटो पुरे. फोनवरचा एकेक फोटो तीन-चार एमबीचा असतो. तो दोनशे केबीच्या आत आणायला एआयलाच सांगा, ते काम त्याला चोख जमतं. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा असं गूगलचं मोजमाप आहे. करी रोडला लोकलमध्ये चढून, दाराशी उभं राहून तुमचं पान उघडून बघा म्हणजे अडीच सेकंद किती लांब वाटतात ते कळेल.

आता अक्षरांबद्दल. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये मला सगळ्यात जास्त तेच टोचलं.

तुमच्या मथळ्यातली अक्षरं एकमेकांपासून सुटी झाली आहेत. "मालवणी मसाला" मध्ये प्रत्येक अक्षराच्या डोक्यावरची रेघ मधेच तुटली आहे. इंग्रजीत कॅपिटल अक्षरं थोडी लांब-लांब ठेवली की रुबाबदार दिसतात, म्हणून एआय सवयीने मथळ्यांना लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जादा जागा, देतं. देवनागरीची शिरोरेखा शब्दाला बांधून ठेवते. ती तोडली की शब्द फाटतो. म्हणून स्पष्ट सांगा: मराठी मजकुराला लेटर-स्पेसिंग शून्य. दुसरं, ओळी एकमेकींवर चढल्या आहेत. आपल्याला वर वेलांटी, मात्रा, रफार असतात आणि खाली उकार. इंग्रजीच्या मापाने ओळी लावल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. मजकुरासाठी लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.८ पट ठेवायला सांगा आणि मोठ्या मथळ्यातही ती १.३ च्या खाली नको.

तिसरं, फॉन्ट. एआय बहुतेक वेळा इंटर नावाचा इंग्रजी फॉन्ट घेतं. त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. मग ज्याच्या-त्याच्या फोनमध्ये जो देवनागरी फॉन्ट असेल तो दिसतो आणि तुमची मांडणी प्रत्येकाकडे वेगळी होते. आपण मुंबईकर या बाबतीत भाग्यवान आहोत. विंडोजवर वर्षानुवर्षं वाचलेला 'मंगल' हा फॉन्ट आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवणाऱ्या र. कृ. जोशींनी घडवला. 'मुक्ता' हा 'एक टाइप' या मुंबईतल्याच फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो आणि धंद्यासाठी वापरायला मोकळा आहे. मजकुराला तो घ्या. त्यांचाच 'मोदक' नावाचा गुबगुबीत फॉन्ट आहे, तो फक्त तुमच्या ब्रँडच्या नावासाठी, मोठ्या आकारात, बघा आवडतो का. पारंपरिक छापील वळण हवं असेल तर 'तिरो देवनागरी मराठी' आहे. त्यात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात. आणि पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवायला सांगा. एआय तिथे सवयीने इंग्रजी लिहून मोकळं होतं आणि मग ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांचा फोन तो मजकूर भलत्याच उच्चारात वाचतो.

मला या बाबतीत इतकं का वाटतं ते सांगते. पूर्वी मी माहितीपत्रकांची मांडणी करायचे. एकदा एका छापखान्यात त्यांच्या सॉफ्टवेअरने देवनागरी नीट न उचलल्यामुळे पहिल्या वेलांट्या अक्षराच्या डावीकडे न बसता उजवीकडे जाऊन बसल्या आणि हजार प्रती तशाच छापून आल्या. ज्यांचं पत्रक होतं त्या बाई शिवणकामाचा क्लास चालवायच्या. त्यांनी उसने पैसे घेऊन ते छापलं होतं. 'शिवण' हा शब्दच वाचता येत नव्हता. त्यांचा चेहरा अजून डोळ्यासमोर आहे. तेव्हापासून मराठी मजकूर बाहेर पाडण्याआधी मी तो शब्द-शब्द बोट ठेवून वाचते, आणि तुम्हीही वाचा. "खोबऱ्याचं" हे "खोबर्याचं" झालंय का ते बघा. चित्राच्या आत एआयने मराठी अक्षरं काढली असतील तर ती नक्की तपासा. तिथे काना-मात्रांचा फार गोंधळ होतो.

रंग तुमच्या सामानातून घ्या. मसाल्याचा फोटो एआयला देऊन सांगा, यातले चार रंग काढून दे. पण लालवर तपकिरी अक्षरं नकोत. साध्या मजकुराचा आणि मागच्या रंगाचा फरक किमान ४.५ : १ असावा असा वेबचा सर्वमान्य निकष आहे, तोही त्यालाच मोजायला सांगा. तुमचं बरंचसं गिऱ्हाईक साठीच्या पुढचं आहे.

आता बसा कॉम्प्युटरपुढे. चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड, लव्हेबल, जे हाताला बसलंय ते चालेल. साधन बदलून फार फरक पडणार नाही. आधी रंग न भरता, नुसत्या राखाडी चौकटींत, फोनवरच्या पानाचे तीन कच्चे आराखडे मागा. एक निवडा. मग साधारण अशा शब्दांत सांगा:

"एकच पान कर. वाचणारी बाई चाळीस ते सत्तर वयाची, हातात साधा अँड्रॉइड फोन. तिला मालवणी मसाला माहीत आहे, आम्ही माहीत नाही. सगळ्यात वर मसाला कधी कुटला आणि किती किलो शिल्लक ती ओळ. खाली मी दिलेला फोटो. मग तिखटपणा, वजनं, भाव. मग सासूबाईंचे शब्द, एकही न बदलता. ऑर्डरचं बटण पान कुठेही सरकवलं तरी खाली दिसत राहावं. जांभळा रंग नको, एका रांगेत तीन चौकोन नकोत, चिन्हं नकोत. मी न दिलेला एकही शब्द, आकडा किंवा अभिप्राय घालू नकोस. काही कमी पडलं तर मला विचार."

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. त्यानंतर एका वेळी एकच बदल सांगा. "बरं दिसत नाही" असं म्हणू नका, "भाव आणि वजन एका ओळीत आण" असं म्हणा. जे जमलं त्याची तारीख घालून प्रत ठेवा. वीस-पंचवीस दुरुस्त्यांनंतर ते आधीचं विसरून बिघडवायला लागतं. तेव्हा त्याच्याशी भांडत बसू नका. शेवटची चांगली प्रत घेऊन नवा संवाद सुरू करा.

झाल्यावर शेजारच्या एखाद्या काकूंच्या हातात त्यांचाच फोन द्या आणि म्हणा, "काकू, यावरून पाव किलो मागवा." मग तोंड मिटून बघत राहा. त्या जिथे अडतील तिथे चूक पानाची आहे.

पैसे घेण्याबद्दल माझं ठाम मत आहे. वेबसाइटवर दुकानाची टोपली, ग्राहकांची खाती, पासवर्ड यातलं काहीही एआयकडून बनवून घेऊ नका. पुतण्याने सांगितलेला 'व्हाइब कोडिंग' हा शब्द एआय संशोधक आंद्रे कारपाथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये रूढ केला. त्यांनी स्वतः तेव्हा लिहिलं होतं की शनिवार-रविवारच्या, टाकून द्यायच्या प्रकल्पांना हे ठीक आहे. अशा कोडमध्ये कित्येकदा पासवर्डसारख्या गुप्त किल्ल्या कुणालाही दिसतील अशा उघड्या राहतात, ग्राहकांच्या पत्त्यांची यादी कुलूप न लावता पडून राहते. तुम्हाला ते दिसणारही नाही. तुमच्याकडे चालू असलेली पद्धत चांगली आहे: बटण दाबलं की व्हॉट्सॲप उघडेल, त्यात "मला पाव किलो हवाय" हा निरोप आधीच लिहिलेला असेल. व्हॉट्सॲपची 'क्लिक टू चॅट' लिंक याचसाठी आहे. पैसे यूपीआयने घ्या. ऑर्डरी हाताबाहेर गेल्या की मग एखाद्या तयार दुकान-सेवेकडे जा.

आणि ते अभिप्राय आजच काढा. "सन १९८५ पासून" हेही काढा, सासूबाईंची तीस वर्षं पुरेशी आहेत. विक्रेत्याने स्वतःच ग्राहक असल्याचं भासवून अभिप्राय लिहू नये, असं ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० सांगतात. पण नियम नसता तरी मी हेच म्हटलं असतं. तुमच्या गल्लीत कुणी खोटं नाव सांगून मसाला विकला असता तर सासूबाईंनी त्याच्याशी बोलणं टाकलं असतं. व्हॉट्सॲपवर खऱ्या बायकांनी तुम्हाला लिहिलंय, त्यांना विचारून त्यांचे शब्द घ्या. तीन असतील तर तीन. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक मात्र पाकिटावर आहे तसा पानावरही ठळक येऊ द्या.

चुकीचं करताय का? नाही. तुम्ही कुणाची नक्कल मागितली नाहीत, कुणाला फसवायला निघाला नाहीत. आणि त्या डिझायनरने पंचेचाळीस हजार सांगितले म्हणून तो लुबाडतोय असंही नाही. वर लिहिलेलं सगळं तो करणार असेल, फोटो काढणार असेल, अक्षरं हाताने बसवणार असेल तर त्याची मेहनत तेवढी आहेच. मी तुमच्या जागी असते तर पान स्वतः ऐंशी टक्के तयार करून त्याला एका दिवसाचे पैसे देऊन बोलावलं असतं. "रंग, अक्षरं आणि फोटोंची मांडणी तेवढी बघून दे" म्हटलं असतं. अनुभवी डोळा अर्ध्या तासात जे पकडतो ते एआयशी तीन रात्री बोलून सापडत नाही. बरेच जण अशा कामाला आनंदाने येतात. पण विचारताना "एआयने केलंय, तुम्ही फक्त हात फिरवा" अशी सुरुवात करू नका. हात फिरवणं हेच त्याचं कसब आहे.

राहता राहिलं नाव. डॉट इन घ्या, पुरेसं आहे. डॉट भारतमध्ये देवनागरी नावही मिळतं, हौस असेल तर तेही घेऊन ठेवा. पण पुतण्या कितीही मायेचा असला तरी ते नाव त्याच्या ईमेलवर घेऊ नका. उद्या त्याला नोकरी लागेल, नंबर बदलेल आणि नूतनीकरणाची सूचना कुणीच न उघडणाऱ्या खात्यात पडून राहील. नोंदणी तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, आणि ओटीपी तुमच्याच फोनवर.